संशोधन गटातील प्राध्यापकांच्या नावापुढे छापलेल्या ‘अभ्यासरुची’वर किती विसंबावे?

तुम्ही विचारले आहे की समाजशास्त्रात पीएच.डी. करायची असून, ज्या विद्यापीठात अर्ज करणार आहात तेथील संशोधन गटाच्या सहा सदस्यांपैकी मार्गदर्शक कोण असावा हे त्यांच्या नावापुढे छापलेल्या अभ्यासरुचीवरून ठरवावे का. ठरवू नये. ती रुची बहुधा नोकरीच्या अर्जात लिहिलेली असते आणि पुढची पंधरा-वीस वर्षे तिला कोणी हात लावत नाही. याच मजकुरावर विसंबून मी दोन वर्षे घालवली आहेत.

माझी आजी लालबागला खाणावळ चालवीत असे. बायकामुले कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेले गिरणी कामगार तिच्याकडे दोन वेळा जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा पगार थांबला, परंतु जेवण लगेच थांबले नाही. आजीची लाल कापडी बांधणीची वही आमच्याकडे आहे. तिच्यात माणसाच्या नावापुढे त्याचे गाव आहे आणि मग वाढत गेलेली रक्कम आहे. काही नावांवर काट मारलेली आहे. पैसे आले म्हणून नव्हे, तर तो माणूस गावी गेला आणि परतला नाही म्हणून. कामगार संपात टिकला तो कोणाच्या उधारीवर, आणि ती उधारी बुडाल्यावर खाणावळवालीने काय केले, हा माझा विषय होता. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून देण्याची खटपट केली होती, म्हणजे प्रश्न पैशाचा आहे हे निदान त्यांना तरी कळले होते.

आमच्या गटात पाच सदस्य होते. एका बाईंच्या नावापुढे ‘वैद्यकीय समाजशास्त्र’ होते, एकांच्या ‘धर्म’, एकांच्या ‘सामाजिक सिद्धान्त’, एकांच्या ‘ग्रामीण समाजशास्त्र’ आणि पाचव्यांच्या ‘नागरी व औद्योगिक समाजशास्त्र’. मी अर्थातच पाचव्यांकडे गेले. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले की स्वयंपाक हा उद्योग नव्हे, तेव्हा हा विषय स्त्री-अभ्यास केंद्राकडे न्यावा. केंद्रातील बाईंनी सौजन्याने सांगितले की यात मजुरी आणि उधारी आहे, तेव्हा हा औद्योगिक समाजशास्त्राचाच विषय आहे. मी पुन्हा सरांकडे आले. त्यांनी मला ठेवून घेतले, पण त्या सुमारास त्यांचे सारे लक्ष उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या पाहणीत गुंतले होते, आणि पुढील दोन वर्षे मी लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने चढून त्यांच्या प्रश्नावल्या भरून आणल्या. गिरणी या शब्दाशी त्यांचा शेवटचा संबंध त्यांच्या स्वतःच्या प्रबंधात आला होता, हे मला नंतर ग्रंथालयात तो प्रबंध उघडल्यावर कळले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या चर्चासत्रात मी खाणावळीवरच टिपण वाचले. सर सर्वांसमोर म्हणाले की संशोधन गटाला एक सूर लागतो, ज्याने त्याने आपले घरगुती विषय आणले तर गट उरत नाही, आणि समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या काळातील मुंबई विद्यापीठाचा विभाग मोठा झाला तो एका दिशेने चालला म्हणून. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आज सुचते, म्हणून येथे देते.

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 मध्ये सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली, जे मुळात जीवशास्त्रज्ञ होते आणि नगररचनेत रमलेले होते. 1924 मध्ये त्यांच्या जागी गोविंद सदाशिव घुर्ये आले. ते मालवणचे, संस्कृतचे विद्यार्थी आणि केंब्रिजला मानवशास्त्र शिकून आलेले. एकाच खुर्चीवर लागोपाठ बसलेल्या या दोघांचा सूर कोणता जुळत होता? पुढे 1959 पर्यंत घुर्ये त्या विभागात होते आणि त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे पाहिली तर एका दिशेची गोष्ट अधिकच अवघड होते. इरावती कर्वे यांनी त्यांच्याकडे चित्पावनांवर प्रबंध लिहिला, मग बर्लिनला जाऊन त्या शरीरमापनाचे शास्त्र शिकल्या, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी असे मांडले की जाती म्हणजे एका मोठ्या समूहाचे पडत गेलेले तुकडे नव्हेत; गुरूंच्या मांडणीला हा उघड छेद होता. एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गमध्ये गोळा केलेली सामग्री ऑक्सफर्डला नेऊन तिचा सर्वस्वी निराळ्या चौकटीत अर्थ लावला. ए. आर. देसाई तर मार्क्सवादी. भारतीय राष्ट्रवादाची मुळे उत्पादनसंबंधांत शोधणारा प्रबंध त्यांनी लिहिला तो प्राचीन ग्रंथांतून भारतीय समाजाची एकात्मता पाहणाऱ्या घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली, आणि पुढे ते त्याच विभागाचे प्रमुखही झाले. आय. पी. देसाई सौराष्ट्रातील महुवा गावात एकत्र कुटुंब खरोखर मोडते आहे का, हे मोजत बसले. ज्याला आमचे सर एक सूर म्हणत होते तो प्रत्यक्षात एका छपराखाली चाललेला वाद होता, आणि विभाग मोठा झाला तो त्या वादाने. (घुर्ये यांचे विचार मला स्वतःला पटत नाहीत, विशेषतः आदिवासींविषयीचे. तो मुद्दा वेगळा.)

चर्चासत्र संपल्यावर ‘ग्रामीण समाजशास्त्र’वाले सर मला जिन्यात भेटले आणि आजीची वही पाहायला मिळेल का असे त्यांनी विचारले. ते दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन राहत. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबूनही कशी फिटत नाही आणि नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरला की बाईची मजुरी हिशेबात कशी दिसेनाशी होते, यावर त्यांचे सारे काम होते. त्यांची खरी रुची उधारी ही होती. ग्रामीण हा केवळ तिचा पत्ता होता. मी मार्गदर्शक बदलला. त्यासाठी किती अर्ज करावे लागले आणि त्या काळात माझ्याशी विभागात कोण बोलत नव्हते, हे सांगत बसत नाही. वहीतील प्रत्येक नावापुढचे गाव नकाशावर लावून त्या गावांना जाण्याची कल्पना त्यांची. सातारा आणि रत्नागिरीतील त्या गावांत बुडालेल्या उधारीची आठवण ठेवणारी माणसे मला भेटली, आणि माझा प्रबंध उभा राहिला तो त्यांच्या बोलण्यावर.

तेव्हा तुम्ही त्या सहा जणांची रुची न वाचता त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचा. आम्हाला त्यासाठी ग्रंथालयाच्या कपाटांतील धूळ झाडावी लागे. तुम्हाला ते शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, घरबसल्या मिळतील. प्रस्तावना सोडा आणि क्षेत्रकार्याचे प्रकरण वाचा, म्हणजे मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला कोठे पाठवले आणि कोठे अडवले ते दिसते. जागा आहे का तेही पाहा, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थीच घेता येतात, आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही.

हे मात्र मान्य करते की गटाकडे एखादा मोठा अनुदानित प्रकल्प असेल तर सर्वांनी एकाच विषयावर काम करणे सोयीचे असते, पैसेही मिळतात आणि प्रबंध वेळेत होतो. माझ्या बरोबरीने त्या गृहनिर्माण संस्थांवर काम करणारा एक मित्र माझ्या तीन वर्षे आधी डॉक्टर झाला आणि तो आपल्या प्रबंधावर समाधानी आहे. घुर्येही काही मोकळ्या स्वभावाचे गुरू नव्हते. त्यांच्या करारीपणाचा जाच श्रीनिवास यांनाही झाला होता. पण पहिला ईमेल कोणाला पाठवू असे तुम्ही विचारलेच आहे, तर त्या सहांपैकी ज्यांच्या विद्यार्थ्यांचे विषय एकमेकांशी सर्वांत कमी जुळतात त्यांना पाठवा.