घर माझं, मग परवानगी कुणाची?

(तीस वर्षं नगररचना कार्यालयात नकाशे तपासले. निवृत्त झाल्यापासून आमच्या घराचा वरचा मजला चार-आठ दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्यानं देते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. गेल्या अंकात या विषयावर जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातली पाच इथे घेतेय.)

ताई, घर माझ्या नावावर आहे, कर वेळच्या वेळी भरतो. वर्षाच्या करारानं भाडेकरू ठेवला तर कुणी अवाक्षर काढत नाही. मग तीच खोली तीन रात्रींसाठी दिली तर परवानगी कसली?

हा प्रश्न मी खिडकीआड बसून इतक्यांदा ऐकलाय, की माणूस आत येताना त्याच्या चालीवरूनच ओळखायचे. मालकी ही एक गोष्ट आणि वापर ही दुसरी. झोनिंगला, म्हणजे कोणत्या भागात कोणता वापर चालेल हे ठरवणाऱ्या नियमांना, तुमच्या नावाशी देणंघेणं नसतं; या जागेवर चालतं काय, एवढंच ते विचारतात. ‘जमीन माझी, मी काहीही करीन’ हा वाद अमेरिकेत पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ओहायोतल्या युक्लिड गावात एका कंपनीची ६८ एकर जमीन होती. गावानं विभाग पाडले आणि तिच्या बऱ्याच भागावर कारखाने उभारायला बंदी आली. जमिनीची किंमत पाव झाली, अशी कंपनीची तक्रार. १९२६ मध्ये निकाल लागला तो गावाच्या बाजूनं. देशोदेशीचे कायदे निराळे असतात, पण तुमच्या वापराची झळ शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचते, हा विचार बहुतेक ठिकाणी सापडतो.

आता भाडेकरू आणि पाहुणा. वर्षभर राहणारा माणूस तिथे ‘राहतो’, म्हणजे वापर निवासाचाच राहिला. तीन रात्रींचा माणूस ‘उतरतो’. कागदाच्या भाषेत हे बऱ्याच ठिकाणी लॉजिंग ठरतं, म्हणजे हॉटेलचं धाकटं भावंड. ही रेघ अनेक शहरांत तीस दिवसांवर असते. सिंगापूरमध्ये खासगी घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीनं देताच येत नाही, तिथे विषयच संपला.

लोक नियमावली हातात आली की आधी दंडाचं पान उघडतात. तुम्ही व्याख्यांचं पान उघडा. ‘निवास’, ‘कुटुंब’, ‘पाहुणा’, ‘अल्पमुदत’ या शब्दांखाली काय लिहिलंय ते वाचा. मग आपल्या विभागात कोणते वापर चालतात ती यादी बघा. यादीत तुमचा वापर नसेल तर ‘मनाई कुठे केलीय?’ म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच नियमावल्यांत जे यादीत नाही, ते चालत नाही.

मी वर्षातले चार महिने मुलीकडे असते. तेवढ्या काळात घर पाहुण्यांना द्यावं म्हणते. एक ओळखीचे म्हणाले ९० दिवस चालतात, दुसरे म्हणाले १८०. खरं कोण?

दोघंही खरे असतील, फक्त तुमच्या गावाबद्दल बोलत नसतील. लंडनमध्ये २०१५ पासून, वेगळी नियोजन परवानगी न घेता, एका कॅलेंडर वर्षात ९० रात्री देता येतात. जपानमध्ये जून २०१८ पासूनच्या कायद्यानं वर्षाला १८० दिवस. पण त्याच जपानात टोकियोच्या शिंजुकू भागानं निवासी वस्त्यांत सोमवार दुपार ते शुक्रवार दुपार पाहुणे ठेवायला बंदी घातली आणि क्योतोनं फक्त-निवासी भागांत जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिनेच पाहुणे ठेवायला मुभा दिली. म्हणजे देशाचा आकडा माहीत असून भागत नाही. वस्तीचा आकडा लागतो. ॲमस्टरडॅमचा नियम बहुतेक भागांत ३० रात्रींचा. पॅरिसचा आधी १२० होता, २०२५ पासून ९० झाला, तोही तुमचं मुख्य राहतं घर असेल तरच.

आकड्यांचा हा बाजार बघून गांगरू नका. सगळ्यांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे: या घरात कुणी राहतं का? सॅन फ्रान्सिस्कोत यजमानानं वर्षातल्या किमान २७५ रात्री त्या घरात राहिलं पाहिजे. तो घरी नसताना पाहुणे ठेवायला ९० रात्री. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तर तीस दिवसांच्या आतला पाहुणा ठेवायचा असेल तर घराची नोंदणी हवी, यजमान त्याच घरात हजर हवा, पाहुणे दोनच, आणि आतल्या दारांना त्यांच्यासाठी कुलूप नको. म्हणजे पाहुणा घरातला वाटला पाहिजे. (हे वाचलं तेव्हा मी उठून आमच्या जिन्याच्या दाराची कडी बघून आले. तिची गोष्ट शेवटच्या उत्तरात.)

तुमचे चार महिने म्हणजे साधारण १२० रात्री. तुमच्याकडची मर्यादा ९० असेल तर शेवटचा महिना घर बंद ठेवावं लागेल, आणि यजमान घरी हवा असा नियम असेल तर सगळा बेतच कोलमडतो. म्हणून आकड्याआधी तेवढं एक विचारा. मग हेही विचारा, की वर्ष जानेवारीपासून धरायचं की कोणत्याही सलग बारा महिन्यांचं. मर्यादा घराला असते. दोन ॲपवर घर टाकलं म्हणून रात्री दुप्पट होत नाहीत. एक साधी वही करा: तारीख, किती रात्री, किती माणसं. युरोपीय संघात २० मे २०२६ पासून असा हिशेब प्लॅटफॉर्मांनीच प्रशासनाला पाठवायचा नियम आहे. तुमची वही आणि त्यांचा हिशेब जुळला पाहिजे.

आम्ही हे नियम यायच्या आधीपासून पाहुणे ठेवतो. जुन्यांना सूट असते ना?

कधी कधी. पण तो वापर तेव्हाही कायदेशीर होता आणि मध्ये खंड पडला नाही, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. जुन्या पावत्या, कराचे कागद, पाहुण्यांची नोंदवही असेल तर जपून ठेवा. मधली दोन वर्षं घर बंद होतं? मग अवघड आहे. आणि एका खोलीची सूट तीन खोल्यांना लागू होत नाही.

रीतसर परवाना असला तरी तो जन्माचा नसतो. बार्सिलोनानं जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की पर्यटकांसाठीच्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवणार नाही. ते सगळे परवानेवालेच होते. फक्त पाहुण्यांच्या भरवशावर कर्ज काढून दुसरं घर घ्यायचं तुमच्या मनात असेल (पत्राच्या शेवटी तसा सूर दिसतोय), तर मी थांबले असते.

स्थानिक प्रशासनानं परवानगी दिली, पण सोसायटी नाही म्हणते. आता?

आता सोसायटीचं ऐकावं लागेल. परवानगी म्हणजे शहराचा आक्षेप नाही, इतकंच. सोसायटीचे नियम, कर्ज दिलेल्या बँकेच्या अटी, विम्याचा करार, यांतलं कुणीही स्वतंत्रपणे अडवू शकतं. विम्याचं कलम तर आजच काढून वाचा. पैसे घेऊन पाहुणे ठेवल्याचं कळवलं नसेल तर दावा अडकू शकतो.

कार्यालयात जाऊन विचारलं होतं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ‘चालतं हो, सगळेच करतात.’ आणि आता नोटीस आली. त्या बाईंना साक्षीला बोलवू का?

नका बोलवू. त्या येणार नाहीत, आणि आल्या तरी त्यांना तुम्ही आठवणार नाही. मीही त्या खिडकीत बसलेय. दुपारची वेळ, मागे रांग, समोरचा अर्धाच प्रश्न विचारतोय. तोंडी उत्तर हे उत्तर नव्हेच. लेखी विचारायचं, आणि तेही पुरतं: ‘या पत्त्यावर, मी स्वतः राहत असताना, एका वेळी दोन पाहुणे, सलग तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीनं, मोबदला घेऊन ठेवणं या विभागात चालतं का? चालत असल्यास कोणत्या कलमाखाली?’ अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ‘होमस्टे चालतो का?’ असं विचाराल तर तितकंच मोघम उत्तर मिळेल.

नोटिशीत तीन गोष्टी शोधा: कलम कुठलं, मुदत कधीपर्यंत, आणि त्यांना नेमकं काय हवंय. बंद करा, काढून टाका, की अर्ज करा? तिन्हींचे रस्ते वेगळे. पुढचं बुकिंग आधी थांबवा आणि मुदतीच्या आत उत्तर द्या. अपिलाची तारीख उलटली की खरी बाजूही ऐकून घेत नाहीत.

आणि नोटीस आली म्हणजे बहुधा कुणीतरी कळवलंय. रात्री अकराला जिन्यावर बॅगांची चाकं वाजतात, फाटकासमोर अनोळखी गाडी असते. झोनचा नकाशा शेजाऱ्याला माहीत नसतो, पण कार्यालयाचा नंबर असतो.

आता माझी गोष्ट. पाहुण्यांची सोय म्हणून मी वरच्या मजल्यावर एक ओटा घातला, सिंक लावलं, दोन बर्नरची शेगडी ठेवली आणि जिन्याच्या दाराला कडी बसवली. त्यांना मोकळीक, आम्हालाही. पाच महिन्यांनी तपासणीला एक तरुण अधिकारी आला. त्यानं पलंगांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ वाकून ओट्याखाली गॅसची नळी कुठून येते ते पाहिलं, कडी एकदा सरकवून बघितली आणि वहीत लिहिलं, ‘दुसरं स्वयंपाकघर, मंजूर नकाशात नाही.’ आमच्या विभागात एका भूखंडावर एकच निवासी युनिट चालतं. ओटा, न्हाणीघर आणि बंद होणारं दार एकत्र आलं, की कागदावर दुसरं घर तयार होतं. तीस वर्षं लोकांच्या नकाशांवर मी हेच लाल पेन्सिलीनं गोल करत आले होते. अगदी पाहुण्यांच्या नोंदणीचा अर्जसुद्धा रीतसर केला होता. त्यात ओट्याचा उल्लेख नव्हता, कारण मला तो ओटा वाटलाच नाही, सोय वाटली.

मी काही बोलले नाही. त्यानं सही मागितली, मी केली. ओटा पंधरा दिवसांत काढला, नळीला बूच मारून घेतलं, कडी उतरवली. नोंदणी टिकली. पाहुणे आता खालच्याच स्वयंपाकघरात येतात, आणि दारावर कडीच्या स्क्रूची चार भोकं अजून तशीच आहेत.