परक्या भाषेच्या विद्यापीठात आलोय. आधी भाषा सुधारू की माणसं जोडू?

आधी बसायची-उठायची जागा बदला. भाषा मागाहून येईल.

तुम्ही लिहिलंय की वर्गात सगळं कळतं, पण तोंड उघडत नाही. वसतिगृहात मात्र आपल्या भाषेच्या चौघांत तासन्‌तास गप्पा रंगतात आणि आता ‘आपण इथले नाहीच’ असं वाटायला लागलंय. याचा सगळा दोष तुम्ही भाषेला देताय. मला त्यात खोल्यांच्या वाटपाचाही हात दिसतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री कशी जुळते, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासलं होतं. अभ्यास प्रसिद्ध झाला १९५० मध्ये. लगतच्या दारांमध्ये घट्ट मैत्रीचं प्रमाण ४१ टक्के होतं, मजल्याच्या दोन टोकांमध्ये जेमतेम १०. अंतर पाहिलं तर थोड्याच पावलांचं! जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख जास्त, कारण वरचे लोक येता-जाता भेटायचेच. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे नंतर आल्या. तुमचे चौघेही तुम्हाला वाटतात तितके ‘निवडलेले’ नसावेत.

भाषेचं म्हणाल, तर गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ मध्ये मांडला. नव्या देशात आलेल्या शाळकरी मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच-सात वर्षं लागतात, असं त्यांच्या कामातून दिसलं. तुम्ही शाळकरी नाही, त्यामुळे आकडे सोडून द्या. पण सेमिनारमध्ये अडखळता म्हणून आपल्याला भाषाच येत नाही, हा निष्कर्ष चुकीचा. सेमिनार ही सुरुवात करायला सगळ्यात वाईट जागा आहे. सगळे ऐकत असतात, वाक्य लांब लागतं आणि चुकलं तर सावरायला वेळ नसतो. त्यापेक्षा प्रयोगशाळेचं टेबल, नाटकाच्या तालमीची मागची बाजू किंवा खेळाचं मैदान बरं. तिथे ‘हे धर’, ‘ते मोज’ एवढ्यावर भागतं आणि हात कामात असले की जीभ आपोआप सैल होते. मी जे काही बोलायला शिकलो ते अशाच ठिकाणी. भाषेच्या क्लासला मी पैसे घातले, तेही वाया गेले नाहीत म्हणा, पण बोलायला माणसं तिथे नाही मिळाली.

‘आपल्या लोकांना सोड’ असा सल्ला तुम्हाला मिळेलच. मला तो पटत नाही. दिवसभर परक्या भाषेत वावरल्यावर रात्री न अडखळता बोलायला कुणीतरी हवंच. फक्त जेवण, अभ्यास, खोली या तिन्ही ठिकाणी तेच चौघे नकोत. एखादी जागा मोकळी ठेवा.

आणि परकं वाटणं हा मनाचा दुबळेपणा समजू नका. विद्यापीठ कुणाच्या भाषेचं, यावरून बेल्जियममध्ये १९६८ साली सरकार पडलं होतं. लूव्हेनच्या विद्यापीठाचे दोन तुकडे झाले, फ्रेंच शाखेसाठी वेगळं गाव वसवलं गेलं आणि ग्रंथालयातली पुस्तकं सम-विषम क्रमांकांनी वाटली गेली. हास्यास्पद वाटतं, पण झालं खरं.

आता परीक्षेत कमी पडलेल्या गुणांबद्दल, तेही तुम्ही लिहिलंय. ते भाषेचे कापले की विषयाचे, हे शिक्षकांना थेट विचारा, तेही तासानंतर, एकट्याने. विषयाचे असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी अभ्यासाला लागा.