मांजराच्या पिल्लांचं खाणं निवडताना

पाकिटाच्या पुढच्या बाजूवरचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. 'वाढीच्या वयासाठी' किंवा 'सर्व वयांसाठी संपूर्ण आहार' असं लिहिलेलं हवं. 'पूरक आहार' असेल तर त्यावर पिल्लू वाढवू नका. घटकांत पहिलं नाव मांसाचं किंवा माशाचं असावं, आणि टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषक द्रव्य) हवंच. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय कायमचे बिघडू शकतात. कुत्र्याच्या खाण्यात टॉरिन पुरेसं असेलच असं नाही, म्हणूनच ते मांजराला चालत नाही.

प्रथिनं पाणी वगळून किमान 30 टक्के हवीत. ओल्या खाण्यावरचा 10 टक्के आकडा बघून घाबरू नका: त्यात 80 टक्के पाणी असेल, तर उरलेल्या 20 भागांत 10 प्रथिनं, म्हणजे निम्मी!

चार आठवड्यांच्या पिल्लाला ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून बशीत द्या. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. गाईचं दूध नको, जुलाब होतात. खाणं बदलायचं तर सात ते दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जा. आणि इवल्या पिल्लाने दिवसभर तोंड लावलं नाही, तर वाट न पाहता पशुवैद्य गाठा.