वाचकांचे प्रश्न : परवानगीही प्रयोगशाळेतच शिकवावी लागते

प्रश्न : मी पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागात शिकवते. यंदा तिसऱ्या वर्षाचा सायबर सुरक्षा हा वैकल्पिक विषय माझ्याकडे आहे. वेब पत्त्यातील बैठक क्रमांक बदलला की निकालाच्या पोर्टलवर दुसऱ्याची गुणपत्रिका उघडते, हे वर्गातील एका हुशार मुलाच्या लक्षात आले. खात्रीसाठी त्याने ४० जणांच्या गुणपत्रिका उतरवून घेतल्या आणि मोठ्या उत्साहाने मला आणून दाखवल्या. महाविद्यालयाने त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू केली आहे. तो मात्र ‘मी तर मदतच केली’ असे म्हणतो. अभ्यासक्रमात व्यावसायिक नीतीवर एकच व्याख्यान आहे, तेही सत्राच्या अखेरीस. या मुलांना नेमके काय शिकवावे?

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याने दोन वेगळ्या गोष्टी केल्या आहेत, आणि त्यांची गल्लत त्यानेही करू नये व चौकशी समितीनेही करू नये. दोष त्याच्या लक्षात आला आणि तो त्याने लपवला नाही, हे चांगलेच झाले. परंतु परकी गुणपत्रिका एकदा उघडली तेव्हाच दोष सिद्ध झाला होता. शेजारच्या मित्राला विचारून त्याचाच क्रमांक टाकला असता, तर तेवढीही आगळीक झाली नसती. पुढच्या ३९ गुणपत्रिकांनी दोषाविषयी काहीही नवे सांगितले नाही, फक्त ३९ जणांचे गुण त्याच्या लॅपटॉपवर आणून ठेवले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे आणि त्यातील माहिती उतरवून घेणे यांसाठी नुकसानभरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे चांगला हेतू कलम ६६ च्या वेळी कामी येईल, पण कलम ४३ मधील परवानगीची अट त्याने सुटत नाही. हा फरक पदवीपर्यंत पोहोचलेल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, हे आपण वर्गात विचारून पाहावे.

हेतूची ही चर्चा करताना १९८८ चे एक प्रकरण वर्गात जरूर घ्यावे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर रोजी एमआयटीच्या (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या) संगणकावरून स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटच्या जाळ्यात सोडला. माहिती पुसणे किंवा चोरणे हे त्या प्रोग्रामचे काम नव्हते. एखाद्या यंत्रावर आपली प्रत आधीच आहे का, हे तो विचारून घेत असे. परंतु व्यवस्थापक खोटेच ‘आहे’ म्हणतील या शंकेने मॉरिसने तसे उत्तर आले तरी सातातून एकदा प्रत बसावी अशी योजना केली होती. ते प्रमाण फार जास्त ठरले, प्रतींवर प्रती चढल्या आणि अंदाजे ६,००० संगणक ठप्प झाले. विनापरवाना शिरण्याचा हेतू सिद्ध झाला की पुरे, नुकसानीचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, असे तेथील अपील न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले. मॉरिसला ३ वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन), ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला, हेही मुलांना आणि आपल्या शिस्तपालन समितीलाही आवर्जून सांगावे.

आता शिकवण्याविषयी. नीतीची व्याख्याने वाढवून एकाची चार केली तरी फारसा फरक पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मुलांचे हात जे शिकतात ते प्रात्यक्षिकात. म्हणून पहिल्या प्रात्यक्षिकात कोणतेही टूल उघडू देऊ नये; परवानगीपत्र लिहायला लावावे. एका गटाने यंत्रणेचा मालक व्हावे, दुसऱ्याने तपासनीस, आणि कोणते सर्व्हर तपासायचे, कोणत्या वेळेत, खऱ्या व्यक्तींची माहिती समोर आली तर कोठे थांबायचे, काही बंद पडले तर रात्री फोन कोणाला करायचा, हे दोघांनी वाटाघाटी करून ठरवावे. सरावासाठी मुद्दाम दोष ठेवलेली ज्यूस शॉप किंवा डीव्हीडब्ल्यूए यांसारखी मोफत ॲप्लिकेशने बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या यंत्रांवर बसवता येतात. त्यांतील डेटाबेसमध्ये काल्पनिक रुग्णांच्या नोंदी भराव्यात आणि कोण पहिल्या नोंदीपाशी थांबतो, कोण सगळी यादी उतरवतो, हे लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदींत, पाहून त्यावर गुण द्यावेत. अशी नोंद ठेवली जाणार आहे, हे मात्र मुलांना आधीच सांगावे. न सांगता माणसांची परीक्षा घेतली की काय होते, याचेही उदाहरण आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, तपासणीत दोष पकडले जातात का हे पाहण्यासाठी, लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या) स्वयंसेवकांकडे न सांगता सदोष बदल पाठवल्याचे उघड झाले, तेव्हा संपूर्ण विद्यापीठाचे योगदान नाकारले गेले. विद्यापीठाच्या नीतिसमितीने तर हे माणसांवरचे संशोधनच नव्हे असे ठरवले होते.

राहिली आपल्या महाविद्यालयाची बाजू. दोष कोठे कळवायचा, याचा पत्ता संकेतस्थळावर होता का? नसेल, तर मुलाने कोणत्या दाराने यायला हवे होते, याचे उत्तर संस्थेने द्यावे. त्याने सर्व प्रती नष्ट कराव्यात, तसे लेखी द्यावे आणि त्या ४० जणांची समक्ष माफी मागावी. संस्थेने पोर्टल दुरुस्त करून सर्व विद्यार्थ्यांना झाला प्रकार कळवावा. वर्ष वाया घालवणारी शिक्षा केली, तर पुढचा विद्यार्थी दोष सापडूनही आपल्याकडे येणार नाही.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षात असून बग बाउंटीत, म्हणजे त्रुटी शोधून देणाऱ्याला कंपन्या बक्षीस देतात अशा कार्यक्रमांत, भाग घेतो. एका छोट्या कंपनीच्या संकेतस्थळावर मला गंभीर त्रुटी जाणवली, पण त्यांचा असा कोणताही कार्यक्रम नाही. मोबदला मागून कळवू का?

उत्तर : मोबदला मागू नका. ‘आधी पैसे, मग तपशील’ असे पत्र कंपनीच्या वकिलाला खंडणीसारखेच दिसेल. ज्यांनी निमंत्रण दिलेले नाही त्यांच्या यंत्रणेवर चाचणी करण्याची परवानगी आपल्याला नाही, म्हणून आणखी खात्री करण्याच्या मोहात न पडता तेथेच थांबा. काय दिसले, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि आपण कोठे थांबलात, एवढेच लिहून केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा. त्रुटींचे अहवाल स्वीकारून संबंधित कंपनीशी समन्वय साधणे हे तिच्या कामात येते. दुरुस्ती होईपर्यंत मित्रांनाही स्क्रीनशॉट पाठवू नका.