जुनी गाडी : खर्च करावा की काढून टाकावी?

प्रश्न : आमची गाडी 14 वर्षांची असून 1,80,000 किलोमीटर चालली आहे. गेल्या वर्षी टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलले. आता क्लच आणि पुढचे शॉक अॅब्सॉर्बर गेले आहेत, शिवाय कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) वारंवार कमी होते. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. इतके पैसे आधीच घातल्यावर ती काढून टाकणे जिवावर येते. काय करावे?

उत्तर : गेल्या वर्षीचा खर्च हिशेबात धरू नये, कारण गाडी ठेवली काय किंवा विकली काय, तो परत मिळणार नाही. मात्र बेल्ट आणि पंपाचे काम नुकतेच झाले असल्याने तो खर्च एवढ्यात पुन्हा उद्भवणार नाही, हे गाडीच्या बाजूने धरावे. दुरुस्तीची तुलना विक्रीच्या किमतीशी करण्याची पद्धत सर्रास असली, तरी ती फसवी आहे. पुढील दोन वर्षांत ही गाडी किती खर्च मागेल आणि तेवढ्याच काळात दुसरी गाडी घसारा (वापराने व काळाने उतरणारी किंमत), कर्जाचे व्याज व विमा यांपायी किती घेईल, हे दोन आकडे समोरासमोर मांडावेत. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक वेगाने उतरते. त्याचे बिल कोणी हातात देत नाही, एवढेच.

तुमच्या यादीतील क्लच आणि शॉक अॅब्सॉर्बर हे झिजणारेच भाग आहेत. त्यांवरून गाडीचे आयुष्य संपले असे ठरत नाही. खरा प्रश्न कूलंटचा आहे. गळती होजमधून किंवा रेडिएटरमधून असेल, तर काम तुलनेने किरकोळ आहे. परंतु हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांमधील सील) गेले असेल, तर इंजिन उघडावे लागेल आणि सगळा हिशेब बदलेल. म्हणून क्लचला हात लावण्यापूर्वी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणे) आणि इंजिनची कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधील दाब मोजणे) करून घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तरी लगेच घाबरू नये, कारण केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो साचलेल्या बाष्पामुळेही येतो; डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील) ऑइलही दुधाळ असेल, तर मात्र हेड गॅस्केटची शंका बळावते. तोवर तापमानाचा काटा वर चढू लागल्यास गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

त्याच वेळी गाडी वर उचलून खालची बाजू तपासून घ्यावी. दाराच्या कडेचा गंज सहसा दिसण्यापुरता असतो. सस्पेन्शन जिथे जोडले जाते तिथला पत्रा गंजून पोकळ झाला असेल, तर इंजिन कितीही उत्तम असले, तरी मी या गाडीवर खर्च करण्याचा सल्ला देणार नाही.