कापरेकर प्रक्रियेतले ७७ अपवाद, आणि संगणकाने तपासलं म्हणजे सिद्ध झालं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला असा: पायथॉनमध्ये तुम्ही १००० ते ९९९९ या सगळ्या संख्यांवर कापरेकर प्रक्रिया चालवलीत (अंक उतरत्या क्रमाने, अंक चढत्या क्रमाने, वजाबाकी, पुन्हा तेच). बहुतेक संख्या ६१७४ वर आल्या, पण ७७ संख्या शून्यावर गेल्या. सगळीकडे मात्र ११११, २२२२ अशा नऊच अपवादांचा उल्लेख सापडतो. दुसरा असा: सगळ्या संख्या संगणकाने तपासल्या तर त्याला सिद्धता म्हणायचं का, आणि म्हणायचं असेल तर चार रंगांच्या प्रमेयावर (कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, हे संगणकाच्या मदतीने सिद्ध झालेलं प्रमेय) लोक इतकी वर्षं नाक का मुरडत होते?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कापरेकरांच्या नियमात हे ०९९९ असं चार अंकी धरायचं असतं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. तुमचा प्रोग्राम संख्येची स्ट्रिंग (अक्षरांची माळ) करताना पुढचं शून्य टाकून देतो, त्यामुळे त्याच्या हातात तीनच नऊ उरतात, ९९९ − ९९९ = ०, आणि खेळ खलास. पहिल्याच पायरीला ९९९ देणाऱ्या संख्या बरोबर ६८ आहेत. त्यांत नऊ एकसारख्या अंकांच्या मिळवल्या की तुमचे ७७. म्हणजे प्रोग्राम चुकलेला नाही. त्याने वेगळ्या नियमाचं अगदी अचूक उत्तर दिलं. स्ट्रिंगवर झेडफिल (पुढे शून्यं भरणारी पायथॉनची सोय) लावून चार अंक पक्के करा, अपवाद नऊवर येतील.

आता दुसरा प्रश्न. हो, ही सिद्धता आहे. शक्यता मोजक्या असतील आणि प्रत्येक तपासली असेल तर काही शिल्लक राहत नाही. शाळेत n सम असेल तर, n विषम असेल तर असं दोन भागांत करतो तेच, फक्त भाग नऊ हजार. अनंत शक्यता असतील तर मात्र कितीही तपासा, उपयोग नाही. पोल्या या गणितज्ञाची १९१९ सालची अटकळ अशी होती की कुठल्याही मर्यादेपर्यंतच्या संख्या घेतल्या, तर मूळ अवयवांची संख्या विषम असणाऱ्या निदान निम्म्या तरी निघतात. जिथवर तपासली तिथवर ती खरी ठरत गेली. १९५८ मध्ये हॅझलग्रोव्हने ती खोटी ठरवली, आणि ती पहिल्यांदा मोडते ती जागा पुढे सापडली: ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींपर्यंत एकही तडा नाही!

पण तुमच्या नऊ हजारांवर मी समाधान मानणार नाही, कारण जरा कागद-पेन्सिल घेतलीत तर खरी गंमत दिसते. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरा. मोठी संख्या वजा लहान संख्या करा, सगळं आवरून एवढंच उरतं: ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे मूळ संख्या कोणती होती याच्याशी देणंघेणंच नाही, फक्त दोन फरक कळले की झालं. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. एकूण जोड्या ५४. त्यांतून निघणाऱ्या उत्तरांचे अंक पुन्हा क्रमाने लावले तर वेगळे अंकसंच फक्त ३० उरतात. एका संध्याकाळी वहीत होईल एवढं काम. आणि ६१७४ च का, तेही दिसतं: ७६४१ मध्ये फरक ६ आणि २, आणि ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४. स्वतःकडेच परत. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या तिथे येतात, हेही या ३० संचांवरून वाचता येतं.

देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मांडलं, तेव्हा त्यांच्या हाताशी कुठला संगणक असणार! आपल्याकडे त्यांना 'आकड्यांचा छंद असलेले मास्तर' म्हणून बाजूला काढायची पद्धत होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव जगभर झालं. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

नऊ हजारांचे ५४ करणं हे माणसाचं काम, ५४ तपासणं कुणाचंही. चार रंगांच्या प्रमेयाची घडण हीच आहे, फक्त आकार राक्षसी. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्रीला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना प्रश्न पडला: शेजारच्या प्रदेशांना वेगळा रंग द्यायचा तर चार रंग नेहमी पुरतात का? नकाशे अनंत, तेव्हा एकेक तपासणं बाद. १९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अॅपेल आणि हाकेन यांनी दाखवलं की अटकळ खोटी पाडणारा सगळ्यात लहान नकाशा कुठे असलाच, तर त्यात ठरावीक १,९३६ रचनांपैकी एक तरी असणारच. आणि यांतली कोणतीही रचना असली तर त्याहून लहान तसाच नकाशा मिळतो. म्हणजे असा नकाशाच नाही. या रचना तपासायला सुमारे १,२०० तास संगणक चालला. पुढे १९९० च्या दशकात रॉबर्टसन, सँडर्स, सीमोर आणि थॉमस यांनी हा आकडा ६३३ वर आणला.

नाक मुरडणाऱ्यांचा मुद्दा होता की हे कुणी वाचून पडताळू शकत नाही. मला तो अर्धाच पटतो. याच प्रमेयाची केम्पने १८७९ मध्ये दिलेली सिद्धता सगळ्यांना वाचता येत होती, लोकांनी वाचलीही, आणि ती अकरा वर्षं बरोबर मानली गेली. १८९० मध्ये हीवूडने तिच्यातली चूक काढली. माणसाने वाचलं म्हणजे तावून सुलाखून निघालं, असं काही नसतं.

उरलेला अर्धा मुद्दा मात्र वजनदार आहे. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे प्राध्यापक जुळ्या (दोनचं अंतर असलेल्या) मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि हिशोब जुळेना. शोधत शोधत ते पेंटियम चिपच्या भागाकारापर्यंत पोचले. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ चं उत्तर १.३३३८२०… यायला हवं, चिप देत होती १.३३३७३९…. चौथ्या दशांश स्थळालाच घोळ. इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. तेव्हा 'संगणक म्हणाला' हा पुरावा होत नाही.

यावर तोडगा निघाला तो सिद्धता-तपासनिसांचा: कॉक (आता नाव रॉक), इझाबेल, लीन वगैरे. यांत सिद्धतेची प्रत्येक पायरी तर्काच्या भाषेत लिहायची, आणि ती मंजूर करणारा गाभा इतका छोटा ठेवायचा की माणसाला तो वाचून काढता यावा. बाहेरचा प्रोग्राम कितीही गबाळा असो, त्याचं म्हणणं या गाभ्यातून गेल्याशिवाय ग्राह्य नाही. जॉर्ज गाँतिए यांनी २००५ मध्ये चार रंगांचं प्रमेय असंच कॉकमधून पार केलं. हेल्स या गणितज्ञाने १९९८ मध्ये केप्लरच्या गोळे सगळ्यात दाट रचण्याच्या अटकळीची सिद्धता दिली होती, तीही संगणकाच्या आधाराने. परीक्षक काही वर्षं झगडून म्हणाले, ९९ टक्के खात्री आहे. हेल्स उरलेल्या एका टक्क्यामागे लागला आणि २०१४ मध्ये सगळी सिद्धता यंत्राकडून तपासून घेतली. अशी खोड असलेली माणसं मला आवडतात.

अलीकडचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र 'बिझी बीव्हर'चं. ट्युरिंग यंत्र म्हणजे फितीवरचं चिन्ह वाचत, बदलत, ठरलेल्या नियमांनी एकेक घर सरकणारं कल्पनेतलं यंत्र. असं पाच अवस्थांचं यंत्र कोऱ्या फितीवर सोडायचं, फितीवर दोनच चिन्हं. जी यंत्रं कधीतरी थांबतात, त्यांतलं सगळ्यात चिवट किती पावलं चालतं? टिबोर राडोने १९६२ मध्ये हा खेळ काढला. चार अवस्थांचं उत्तर १०७. पाचसाठी १९८९ मध्ये मार्क्सेन आणि बंट्रॉक यांना ४,७१,७६,८७० पावलं चालून थांबणारं यंत्र सापडलं, पण याहून चिवट दुसरं नाही हे कसं दाखवायचं? उमेदवार यंत्रं सुमारे १६ लाख ६८ हजार कोटी, आणि एखादं यंत्र थांबेल की नाही हे ठरवणारी सरसकट रीत असूच शकत नाही, हे ट्युरिंगने १९३६ मध्येच सांगून ठेवलंय. २०२२ मध्ये ट्रिस्टन स्टेरिनने ऑनलाइन गट जमवला. त्यातले कितीतरी विद्यापीठाबाहेरचे हौशी. सारखी यंत्रं एकत्र करत उमेदवार साधारण अठरा कोटींवर आणले, मग न थांबणारी ओळखायच्या एकेक युक्त्या शोधल्या. जुलै २०२४ मध्ये कॉकमधली पूर्ण सिद्धता जाहीर झाली. ती लिहिणाऱ्याला लोक ओळखतात 'एमएक्सडीवायएस' या टोपणनावाने. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. गाभ्याने पास केलं, विषय संपला.

एआयने दिलेल्या सिद्धतांबद्दलही थोडक्यात: ते लीनमध्ये लिहीत असेल तर माझी हरकत नाही, कारण तपासणारा वेगळा आहे. गुळगुळीत भाषेत सिद्धता सांगत असेल तर केम्प आठवा. आणि दोन्हीकडे एक गोष्ट माणसालाच बघावी लागते, ती म्हणजे वर लिहिलेलं प्रमेय आपल्याला हवं तेच आहे का. तुमच्या ७७ अपवादांना लीननेही आनंदाने मंजुरी दिली असती.

पुढे जायचं असेल तर आधी तीन अंकी घ्या: तिथे फक्त ९९ × (अ − क) उरतं, नऊच जोड्या, सगळ्या ४९५ वर येतात. मग पाच अंकी. लाखभर संख्या बघून घाबरू नका, मधला अंक वजाबाकीत कटतो, त्यामुळे ९९९९ × पहिला फरक + ९९० × दुसरा फरक एवढंच उरतं आणि पुन्हा ५४ जोड्या. फक्त इथे एक स्थिर संख्या नाही, तीन चक्रं मिळतात. सगळ्यात लहान चक्र ५३९५५ आणि ५९९९४ यांचं. उरलेली दोन चार-चार संख्यांची आहेत, ती वहीत शोधा आणि इथे टाका.