झिरपणे की पाझरणे?

प्रश्न असा आहे: किनाऱ्याजवळ जमिनीखालचं पाणी समुद्रात येतं आणि सोबत नायट्रेटसारखी पोषकद्रव्यं आणतं. यासाठी ‘भूजलाचं झिरपणं’ लिहावं की ‘पाझरणं’?

माझं मत ठामपणे ‘पाझरणं’ या बाजूला. दोन्ही क्रिया संथ, पण नजर वेगळी. झिरपणं म्हटलं की पाणी आत मुरताना किंवा कशातून तरी वाट काढताना दिसतं. पाझरणं म्हटलं की ते बाहेर आलेलं दिसतं. पाऊस जमिनीत झिरपतो, कड्याला पाझर फुटतो. कठोर माणसाला पाझर फुटतो तोही आतूनच. ‘पाझर तलाव’ उलट वाटेल, कारण त्याचं पाणी जमिनीत जातं. पण तिथे आपण तलावाकडून बघतो, आणि तलावातून ते बाहेरच पडतं.

ओहोटीला पुळणीवर उतारावर उभं राहून बघा. समुद्र मागे गेलेला असतो, तरी ओल्या वाळूतून बोटाएवढे ओहोळ सुटून खाली धावत असतात. त्यातलं बरंचसं पाणी भरतीला वाळूत झिरपलेलं खारंच असतं, तेच ओहोटीला पाझरतं. म्हणून या विषयावर लिहिताना ‘गोडं पाणी’ असं सरसकट म्हणू नये. समुद्रशास्त्रज्ञ विलार्ड मूर यांनी १९९६ साली अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या पाण्यातल्या रेडियमवरून, म्हणजे भूजलाबरोबर येणाऱ्या एका किरणोत्सारी मूलद्रव्यावरून, हिशेब मांडला. तिथे येणारं भूजल नद्यांच्या पाण्याच्या सुमारे ४० टक्के भरलं, पण त्यातही खारं पाणी मिसळलेलं होतं.

दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात लागतात ती अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड या द्वीपकल्पावरच्या वॉक्वॉइट उपसागरासाठी. तिथली जमीन वाळूची. घरोघरच्या सेप्टिक टँकचं पाणी तिच्यात झिरपतं आणि वर्षानुवर्षांचा प्रवास करून उपसागरात पाझरतं. फॉस्फेट वाटेत मातीला बरंचसं चिकटून राहतं, नायट्रेट मात्र पाण्याबरोबर वाहत येतं. त्यावर शेवाळं माजलं, तळाच्या समुद्री गवताचा उजेड अडला आणि ते गवत गेलं.

‘पाझर’ शब्दाला मायेचा ओलावा आहे, मग अशा नुकसानीला तो कसा चालेल, ही शंका मला रास्त वाटते. तरीही चालेल. नुकसान सांगायला ‘नायट्रेटचा पाझर’ एवढं पुरतं.